पहिलीत दोन महिने नुसत्या रेघा, गाणी आणि चिंचोके. कन्याशाळेत पहिलीला नक्की शिकवतात काय?

वर्कशॉप_सातारा विचारतात:

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. मुलगी यंदा जूनमध्ये पहिलीला गेली. मराठी माध्यमाची, फक्त मुलींची शाळा. बायको त्याच शाळेत दहावीपर्यंत शिकली, तिचा आग्रह होता, आणि बघून आल्यावर मलाही शाळा पसंत पडली.

आता ऑगस्ट अर्धा सरला. तिची वही रोज रात्री उघडून बघतो. पहिली दहा-बारा पानं उभ्या रेघा. मग आडव्या, तिरप्या, मग अर्धगोल. त्यानंतर ग, म, भ, न ही चार अक्षरं, आणि आता कुठे काना आलाय. दप्तरातून काय जातं, तर मूठभर चिंचोके, आईस्क्रीमच्या दहा काड्या, रबरबँड, जुनं वर्तमानपत्र. घरी काय येतं, तर गाणी. दिवसभर गाणी.

माझ्या भावाचा मुलगा हिच्याच वयाचा, इंग्रजी माध्यमात आहे. राखीपौर्णिमेला सगळे घरी जमले होते. भावाने त्याला सहज सांगितलं, जरा लिहून दाखव रे. त्याने 'एलिफंट' हा शब्द स्पेलिंगसकट लिहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमची बाजूला पाटीवर अर्धगोल काढत बसली होती. कोणी काही बोललं नाही, पण बायको उठून आत गेली.

अजून एक. 'एकवीस लिही' म्हटलं की ही १२ लिहिते. दहा वेळा सांगून झालं. आणि 'ल' तिच्या पुस्तकात वेगळा आणि माझ्या फोनवर वेगळा, मग मी तिला बरोबर कुठला सांगू?

परवा विचारलं, आज वर्गात काय शिकवलं? तर म्हणते, "पप्पा, आज मी बाक उचलला." एवढ्या आनंदाने सांगत होती की पुढे काय विचारावं कळेना.

शिकवणी लावायची का? आणि मुलींच्या शाळेत पहिलीला काही कमी शिकवतात का? मी स्वतः बारावीपर्यंत शिकलोय, पण या बाबतीत मला खरंच समजत नाही. माहीतगारांनी सांगावं.

---

रोखठोक यांचं उत्तर:

अभ्यासक्रम कमी नाही. पुस्तकं बालभारतीचीच असतात, शाळा मुलींची असो की मिश्र. पण माझा प्रश्न वेगळा आहे. या काळात मुलींना वेगळ्या शाळेत कशाला घालायचं? पुढे कॉलेजात आणि नोकरीत मुलांच्या बरोबरीनेच वावरायचं आहे ना? माझी मुलगी पहिल्यापासून मिश्र शाळेत आहे, कोणाला भीत नाही. पुढच्या वर्षी बदलता आली तर बघा.

---

पहिलीच्या_बाई यांचं उत्तर:

दादा, आधी शिकवणीचा विचार डोक्यातून काढून टाका. मग बाकीचं वाचा.

मी पुण्यात मुलींच्या प्राथमिक शाळेत ३१ वर्षं शिकवलं. १९९१ ला लागले, २०२२ ला निवृत्त झाले, आणि त्यातली बहुतेक वर्षं पहिलीचाच वर्ग मागून घेतला. तुमच्या मुलीची वही मी बघितली नाही, पण तुम्ही सांगितलंत त्यावरून तिच्या बाई फार चांगलं काम करताहेत. का, ते सांगते.

तुम्ही गाड्या दुरुस्त करता, त्यामुळे हे तुम्हाला लगेच कळेल. सहा वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात. अंगठा आणि दोन बोटं यांत पेन्सिल पेलायची ताकद चिंचोके उचलून, कागद फाडून, माती मळून येते. ती यायच्या आधी लिहायला लावलं की मूल पेन्सिल मुठीत धरतं, अक्षर वहीच्या मागच्या पानावर उमटेल इतकं दाबतं आणि अर्ध्या पानात हात दुखतो म्हणून रडतं. वर्तमानपत्र त्यासाठीच मागवलंय. फाडायला.

आता उभ्या रेघांकडे बघा. ग, म, भ, न ही चारही अक्षरं कागदावर काढा. चौघांच्याही उजव्या अंगाला उभी रेघ आहे. म्हणून ती आधी पानंच्या पानं गिरवून घेतात. आणि 'म'च्या पुढे तशीच आणखी एक रेघ ओढली की 'मा'. म्हणजे काना शिकायच्या आधीच तुमच्या मुलीच्या हाताला काना येत होता. या चार अक्षरांत आणि एका कान्यात काय काय बसतं बघा: मामा, नाना, नाग, मान, भाग, गगन, नमन. यातलं काहीही पाठ करावं लागत नाही.

आज रात्री एक करा. पाटीवर 'गाभा' लिहा. हा शब्द तिला कोणी शिकवलेला नसेल, अर्थही माहीत नसेल. पाच सेकंद थांबा आणि काही बोलू नका. ती 'गा' म्हणेल, थांबेल, मग 'भा' म्हणेल, आणि मग दोन्ही जोडून म्हणेल. कधी न पाहिलेला शब्द आपला आपण वाचणं म्हणजे वाचन. तुमच्या पुतण्याचंही कौतुकच आहे, त्याने अक्षरांचा क्रम नीट लक्षात ठेवलाय. पण ती वेगळी गोष्ट आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'निपुण भारत' सुरू केलं, त्यात पहिलीच्या अखेरीस काय यावं हे ठरवलंय: चार-पाच सोप्या शब्दांचं, आधी न पाहिलेलं वाक्य वाचता यावं, आणि ९९ पर्यंतचे अंक वाचता-लिहिता यावेत. तेही वर्षाच्या शेवटी. तुमचा अजून ऑगस्ट चाललाय. इंग्रजीचीही काळजी नको, आपल्याकडे जून २००० पासून मराठी शाळेत पहिलीलाच इंग्रजी आहे. आधी कानाने, मग तोंडाने आणि शेवटी हाताने शिकवायची. त्या गाण्यांत दोन-चार इंग्रजी असतीलच, ऐकून बघा.

आता एकवीस. दादा, मुलगी चुकत नाहीये हो. आपण बोलतो 'एक-वीस', आधी एक आणि मग वीस. ती ऐकते तसं लिहिते: आधी १, मग २. झाले १२. एकोणतीस तर त्याहून अवघड, कानाला ऐकू येतं तीस आणि लिहायचे २ आणि ९. याच कारणासाठी २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं होतं. केवढा गदारोळ झाला तेव्हा! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या, त्यांनी परोपरीने समजावून सांगितलं. मला स्वतःला एकवीस-बावीस हे शब्द जायला नको आहेत, ते आपल्या आजी-पणजीच्या तोंडचे शब्द आहेत. पण मुलं कुठे अडखळतात हे त्या पुस्तकाने अगदी नेमकं पकडलं होतं, हे पहिली-दुसरीला शिकवणारी कुठलीही बाई सांगेल.

त्या काड्या आणि रबरबँड यासाठीच आहेत. दहा काड्यांचा एक गठ्ठा. गठ्ठे डाव्या हाताला, सुट्या काड्या उजव्या हाताला. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिची आई मंडईबाहेर गजरे विकायची. गजरे मोजण्यात पोरगी पटाईत, आणि पाटीवर मात्र रोज २१ चे १२. मी तिच्यापुढे काड्या ठेवल्या आणि नुसतं म्हटलं, एकवीस दे. तिने दोन गठ्ठे उचलले, एक सुटी काडी उचलली. काड्यांकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. ओठ हलत होते. आणि एकदम ओरडली, "बाई, बोलताना सुट्टं आधी बोलतात आणि लिहिताना गठ्ठा आधी लिहितात!" सगळा वर्ग वळून बघायला लागला. तो नियम मी तिला सांगितला नव्हता, तिचा तिने काढला होता. त्यानंतर ती एकदाही चुकली नाही आणि शेजारच्या चौघींना तिनेच शिकवलं. तेव्हा घरी 'उलटं लिहिलंस' असं म्हणू नका. काड्या द्या आणि वाट बघा.

'ल' पुस्तकातला खरा. मराठीचा 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा. राज्य सरकारच्या २००९ च्या आणि नंतर नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयातही हेच आहे. फोनवर बहुतेकदा उभ्या दांडीचा 'ल' आणि गाठीचा 'श' दिसतो, कारण तिथली अक्षरं हिंदी वळणाची असतात. तिला दोन्ही दाखवा, दोन्ही ओळखू दे. लिहायचा मात्र पाकळीचा.

आणि आता बाक.

तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य ते आहे. मी नोकरीला लागायच्या आधी सहा महिने एका मिश्र शाळेत बदली शिक्षिका होते. तिथे बाक हलवायचे असले की माझ्याच तोंडून निघायचं, "मुलांनो, जरा बाक सरकवा. मुलींनो, तुम्ही केर काढा." कोणी शिकवलं नव्हतं मला असं बोलायला, जन्मभर ऐकलेलं होतं ते बाहेर पडायचं. मुलींच्या शाळेत आले, पहिल्याच आठवड्यात बाक हलवायची वेळ आली आणि तोंडातलं वाक्य तोंडात राहिलं. हाक मारायला मुलगे होतेच कुठे? चौघी पुढे आल्या. दोघी या टोकाला, दोघी त्या टोकाला. एक, दोन, तीन. अर्धा वीतभर उचलला, दोन पावलं चालल्या, ठेवला. ठेवताना सगळ्यांनी एकदम ठेवायचा, नाहीतर कोणाचा तरी अंगठा सापडतो, हे त्यांना दुसऱ्या बाकाला कळलं. पाचव्या बाकाला मोजणारी एक वेगळी उभी राहिली. त्या दिवसापासून माझ्या वर्गात बाक मुलींनीच हलवले. घंटा मुलीच देतात, ढोल मुली वाजवतात, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहायला स्टुलावर मुलगी चढते. हे पुस्तकात नाही, मूल्यमापनाच्या नोंदीत याला रकाना नाही. पण 'हे आपलं काम नाही' असं कुठल्याच कामाबद्दल न ऐकता मुलीचं वर्ष जातं, आणि मला ते अभ्यासाइतकंच मोठं वाटतं.

हजेरीही तशीच. मी लागले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९२ ला, दारिद्र्यरेषेखालच्या मागासवर्गीय घरातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थितीचा रोज १ रुपया भत्ता सुरू झाला. तेव्हा काही मुलींचं नाव पुकारलं तरी 'हजर' हा शब्द माझ्या टेबलापर्यंत पोचायचा नाही. ओठ हलायचे, आवाज नाही. घरी 'हळू बोल' ऐकून आलेल्या. मी नाव घ्यायची आणि थांबायची. ऐकू येईपर्यंत पुढचं नाव नाही. दिवाळीपर्यंत शेवटच्या रांगेतून खणखणीत 'हजर' यायचं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला आम्ही बुधवार पेठेत भिडेवाड्यापर्यंत रांगेने चालत जायचो. १८४८ मध्ये मुलींची शाळा तिथे सुरू झाली. जुना वाडा आता राहिला नाही, २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडला, तिथे स्मारक व्हायचंय. पण माझ्या मुली त्या पडक्या दारासमोर उभ्या राहून आपापलं नाव मोठ्याने सांगायच्या. रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजाच्या वर. सावित्रीबाईंचं नायगाव तुमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. या जानेवारीत लेकीला घेऊन जाऊन या.

खूप लांबलं. पण तुमच्या बायकोला सांगा, आत उठून जायचं काही कारण नाही.

---

दोन_वेण्या यांचं उत्तर:

बाईंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी कन्याशाळेतलीच. आज वीज कंपनीत तंत्रज्ञ आहे, खांबावर चढते. भरतीच्या वेळी शिडी खांद्यावर घेऊन चालायचं होतं, तेव्हा मला विशेष काही वाटलंच नाही. शाळेत नाटकाचं स्टेज आम्हीच लावायचो.

दोन गोष्टी सांगते. एक, रोखठोक दादा म्हणतात त्यातही तथ्य आहे. दहावीनंतर आयटीआयला गेले तर वर्गात मुलगी मी एकटी. पहिला महिनाभर मुलांशी काय बोलायचं तेच कळायचं नाही. डबा एकटी खायची. मग सुटलं हळूहळू, पण ते सोपं नव्हतं. तेव्हा घरी चुलत-मामे भावंडं, गल्लीतली मुलं यांच्यात तिला खेळू द्या, क्रिकेटला पाठवा.

दुसरं. तुमची मुलगी कुठल्या हाताने लिहिते ते बघा. मी डावखुरी. पहिलीत आमच्या बाई माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायच्या. रोज. पूर्ण वर्ष. त्यांना वाटायचं त्या माझं भलंच करताहेत. मी लिहायला मागे पडले आणि 'ढ' ठरले. तिसरीला नव्या बाई आल्या, त्यांनी एकदाच विचारलं, तुला कुठल्या हाताने बरं वाटतं? आजही सही डाव्या हाताने करताना तो प्रश्न आठवतो. मिश्र असो की मुलींची, शाळा शेवटी बाईंवर असते.

---

पहिलीच्या_बाई यांचं उत्तर:

दोन वेण्या ताई, त्या बाईंच्या वतीने मी तुमची माफी मागते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एकीला असंच केलंय. डावखुऱ्या मुलीला बाकाच्या डाव्या टोकाला बसवायचं, म्हणजे शेजारणीच्या कोपराला कोपर लागत नाही, एवढं साधं मला कळायला चार वर्षं गेली. त्या मुलीची चार वर्षं मी कुठून परत देऊ?

रोखठोक, तुमच्या मुलीसारखी निर्भय मुलगी घडवणारी मिश्र शाळा मिळाली तर सोन्याहून पिवळं. तिथे बाक कोण उचलतं तेवढं एकदा तिला विचारा.

वर्कशॉप दादा, घरी अभ्यास घ्यायचाच असेल तर तुमच्याइतकं चांगलं साधन कोणाकडे नाही. रविवारी तिला स्टँडवर न्या. गाड्यांच्या पाट्या वाचायला लावा. फलटणला एकही काना-मात्रा नाही, कराडला एकच काना आहे, वाईला दोनच अक्षरं. महाबळेश्वर दिवाळीनंतर बघू. तिला येणारं अक्षर सापडलं की तिने बोट दाखवायचं, बाकीची सोडून द्यायची. तुम्ही सांगायचं नाही. तेवढं मात्र पाळा, मोठ्या माणसांना तेच सगळ्यात अवघड जातं.

---

वर्कशॉप_सातारा लिहितात:

बाई, तुम्हाला नमस्कार. सगळ्यांचेच आभार.

त्याच रात्री पाटीवर 'गाभा' लिहिला. तुम्ही म्हणालात तसंच झालं. 'गा' म्हणाली, थांबली, माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत बसलो. मग 'भा'. मग 'गाभा'. "म्हणजे काय पप्पा?" विचारलं. मी म्हटलं, आपण केळ खातो ना, त्याच्या झाडाच्या खोडाच्या आत असतो तो. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पाटी हातात घेतली आणि खाली 'नाग' लिहिलं. मग 'गगन'. झोपायला साडेदहा झाले.

एकवीसच्या काड्या ठेवल्यात. अजून १२ च लिहिते. वाट बघतोय.

काल रविवारी स्टँडवर नेलं. जुन्या गाडीला अजून रंगवलेली पाटी आहे, तिच्यासमोर उभी राहिली. कराडची गाडी. शाळेत आता 'क' आणि 'र' झालेत म्हणे. बोट ठेवून म्हणाली, "क... रा..." आणि तिसऱ्या अक्षरावर अडली. गाडी सुटायला आली होती, कंडक्टर आमच्या ओळखीचा, तो वरून हसून म्हणाला, "अगं, ड आहे तो..."

तर ही दोन्ही कानांवर हात ठेवून त्याच्यावर ओरडली, "काका, सांगू नका! ते अजून आमच्या बाईंनी शिकवलं नाहीये!"